महाबळेश्वरच्या डोंगरवाटा, सायकलवरून: कोणती घ्यावी, कोणती सोडावी

महाबळेश्वर गाव डोंगराच्या माथ्यावर आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचा खरा अर्थ सायकल घेऊन जाणाऱ्याला पहिल्या दिवशी दुपारी कळतो. बाजारपेठ समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर. इथून बहुतेक कुठल्याही दिशेला निघा, सकाळी ताज्या पायांना उतार मिळतो आणि उन्हं चढल्यावर तोच उतार चढ होऊन समोर उभा राहतो. सिंहगड चढणाऱ्याचं बरं असतं; दमला की वळला, घर खाली आहे. महाबळेश्वरात दमलात तर मुक्काम वर आहे. म्हणून इथली वाट उतरताना किती मजा देते यावर तिचं मोल ठरवू नये. परत आणताना ती काय मागते ते बघावं. खालच्या सगळ्या वाटा त्याच मापाने तोलल्या आहेत.

सुरुवात तापोळ्यापासून, कारण या परिसरातला सगळ्यात चांगला सायकलचा दिवस तिथे मिळतो.

महाबळेश्वर ते तापोळा सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. तापोळा कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी आहे आणि जलाशय तुडुंब भरला की पाण्याची पातळी ६५९ मीटर असते. म्हणजे बाजारपेठेपासून काठापर्यंत जवळजवळ सातशे मीटरची उतरण. भागाकार केला तर सरासरी उतार अडीच-पावणेतीन टक्के येतो आणि कागदावर तो अगदी गरीब दिसतो. त्या सरासरीवर विसंबू नका. रस्ता सलग उतरत नाही. सोंडेवरून जाताना मधेच चढतो, पुन्हा कोसळतो, आणि घाटाच्या वळणांत आठ-दहा टक्क्यांचे तुकडे लागतात. रस्ता अरुंद आहे. समोरून जीप आली की साईडपट्टीवर उतरावं लागतं, आणि साईडपट्टी म्हणजे सुटी खडी आणि मुरूम. रोड बाईकच्या बारीक टायरचा इथे निभाव लागत नाही. सव्वादोन इंची टायरची डोंगरी सायकल नेमकी इथेच कामी येते.

उतरताना पहिला विचार ब्रेकचा. सायकलस्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरा. सातशे मीटर उतरताना सव्वासहा लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पंचवीस अंशांचं दोन लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही. काही हिस्सा वारा खातो, थोडा टायर. उरलेली सगळी चाकांसोबत फिरणाऱ्या तळहाताएवढ्या दोन डिस्कमध्ये आणि त्यांना दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या नखाएवढ्या चार पॅडमध्ये जाते. जो माणूस भीतीने दोन्ही ब्रेक सतत हलके दाबून ठेवतो, त्याच्या डिस्कला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. वेग वाढू द्या, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग खाली आणा, मग पूर्ण सोडा. दाबणं आणि सोडणं यांत सोडण्याचा वेळ जास्त हवा. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक खेचायचा नाही, कारण वळणाच्या पोटात हमखास खडी गोळा झालेली असते.

ब्रेक तापल्याची खूण आधी कानाला कळते. स्वच्छ घासण्याचा आवाज जाऊन कर्कश किंचाळी सुरू होते. मग लिव्हर हँडलच्या जवळ जवळ यायला लागतं. तसं झालं की थांबा, दहा मिनिटं सावलीत सायकल उभी करा. गरम डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते आणि पुढचा सगळा दिवस ती पॅडला घासत फिरते. बोटही लावू नका. घरी आल्यावर पॅड काढून बघा: पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर गोल गोल घासा, चकाकी गेली की पॅड आणि डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नंतर सपाटीवर वीसेक वेळा पंचवीसच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत या, पूर्ण न थांबता. ब्रेक पुन्हा बसतो.

निघण्यापूर्वीची तपासणी दोन मिनिटांची आहे. पॅडवरचा घासायचा थर अर्धा मिलिमीटरवर आला असेल तर तो पॅड तापोळ्याला न्यायचा नाही. शिमानोची डिस्क नवी असताना १.८ मिलिमीटर जाडीची असते आणि १.५ ला ती बदलायची असते. व्हर्नियर कॅलिपर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. स्वस्त सायकलींच्या डिस्कवर फक्त रेझिन पॅड (मऊ जातीचे) वापरा असं कोरलेलं असतं. तिथे जास्त टिकतो म्हणून मेटल पॅड टाकला, तर डिस्क लवकर खाल्ली जाते.

आता परतीचं बोलू. तापोळ्याहून वर यायला चांगल्या दमाच्या हौशी माणसाला अडीच ते तीन तास लागतात. तासाला तीनशे ते साडेतीनशे मीटर उंची चढणं हा डोंगरी सायकलवर धरायचा प्रामाणिक हिशेब आहे, आणि मधल्या चढउतारांमुळे एकूण चढाई सातशेहून बरीच जास्त भरते. जेवणानंतर एक वाजता निघालात तर सगळा घाट उन्हात. साडेसहाला वरून निघा, आठच्या सुमारास काठावर पोहोचा, खाऊन नऊच्या आत पायडल मारायला लागा. हिवाळ्यात एवढ्या लवकर उतरताना बोटं बधिर होतात आणि बधिर बोटांना ब्रेक किती दाबला ते कळत नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे हवेतच.

गियर किती हवेत, हे इथे हिशेबाने ठरवता येतं. पुढे ३२ दात, मागे सगळ्यात मोठी चकती ४२ दातांची, चाक २९ इंची: पायडलच्या एका फेऱ्यात सायकल १.७४ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी सव्वासहा किलोमीटर, आणि आठ टक्के चढावर ९० किलोला त्यासाठी १४० वॅटच्या घरात ताकद लागते. मागे ५१ दातांची चकती असेल तर एका फेऱ्यात १.४३ मीटर, वेग पाच, ताकद ११५ वॅट. शेवटच्या तासात हाच फरक पायांत गोळे आणतो किंवा वाचवतो. आणि गंमत बघा: ज्याला सगळे भंगार म्हणतात ती जुनी २६ इंची, पुढे तीन चकत्यांची सायकल, पुढे २२ आणि मागे ३४ लावली तर एका फेऱ्यात जेमतेम १.३४ मीटर चालते. म्हणजे चढाला ती नव्या बारा गियरवालीपेक्षाही हलकी. तशी सायकल घरात पडून असेल तर केबल आणि चेन बदलून तीच न्या, नव्यासाठी अडून बसू नका.

पाण्याचा हिशेब तासाला पाऊण लिटर. म्हणजे तापोळ्याहून निघताना दोन ते सव्वादोन लिटर जवळ हवं. मधे वस्त्या आहेत, पण दुकान उघडं असेल याचा भरवसा नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, ते पूर्ण एका लिटरमध्येच टाका. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं की मळमळतं आणि लोक उन्हाला दोष देतात.

ज्यांना परत चढायचंच नाही त्यांच्यासाठी तापोळ्याहून दुसरी वाट आहे, आणि आमच्या मते सगळ्या परिसरातला सर्वांत पूर्ण प्रवास तोच. तापोळ्याहून लाँचने जलाशयातून बामणोली गाठायची, बामणोलीहून कास पठारावर चढायचं आणि यवतेश्वरच्या घाटाने साताऱ्यात उतरायचं. बामणोली ते कास बारा किलोमीटरच्या आसपास, चढाई पाचशे मीटरहून जास्त. तिथून साताऱ्यापर्यंत पंचवीसेक किलोमीटर, बहुतेक उताराचे. पाण्यावरचा तास पायांना विश्रांती देतो आणि कोयनेचं खोरं तुम्ही काठाकाठाने न बघता मधोमध जाऊन बघता. समोर वासोटा किल्ल्याचं रान, म्हणजे कोयना अभयारण्य. २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिकडे सायकल न्यायचा विचारही करू नये.

लाँचवर सायकल चढवायच्या आधी पैसे ठरवून घ्या. सायकलचे वेगळे पडू शकतात. सायकल आडवी ठेवायची तर चेन वरच्या बाजूला यायला हवी, नाहीतर डिरेलर (गियर बदलताना चेन सरकवणारा मागचा भाग) दाबला जाऊन हँगर (त्याला सायकलला धरून ठेवणारी पट्टी) वाकतो. लाँचच्या तळाला डिझेल मिसळलेलं पाणी साचलेलं असतं. त्याचा एक थेंब डिस्कवर गेला की पॅड तेल शोषून घेतो आणि पुढचा यवतेश्वरचा उतार ब्रेकशिवाय उतरल्यासारखा होतो. दोन्ही डिस्कवर प्लास्टिकची पिशवी चढवून रबराने बांधा. पाच मिनिटांचं काम आहे.

कासला ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलांचा हंगाम असतो. त्या दिवसांत रस्ता गाड्यांनी भरतो आणि पठारावर प्रवेशाची मर्यादा असते. पठाराच्या खडकावर सायकल न्यायची नाही, कुठल्याच महिन्यात नाही. जांभ्यावरचा बोटभर मातीचा थर आणि त्यातले कंद एका टायरने उखडतात. हा सगळा पट्टा २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या पश्चिम घाटात येतो. कासहून महाबळेश्वरकडे जाणारा जुना राजमार्ग लाल मातीचा आहे आणि कुमुदिनी तलावावरून जातो. फुलं नसतानाच्या कोरड्या महिन्यांत, विचारपूस करून, या वाटेवर डोंगरी सायकलीचा खरा आनंद मिळतो.

आता माथ्यावरच्या वाटा. पहिल्या दिवसासाठी ऑर्थर सीटचा रस्ता घ्यावा. बाजारपेठेतून क्षेत्र महाबळेश्वर सहा किलोमीटर, ऑर्थर सीट आणखी तेवढंच. पूर्ण डांबरी आहे, पण गर्द झाडीतून जातो. दोन्ही बाजूंनी जांभूळ, अंजनी, हिरडा, आणि ऊन रस्त्यावर ठिपक्यांनी पडतं. चढउतार छोटे, एका दमात संपणारे. या वाटेवर परतीची भीती नाही, म्हणून नवी सायकल, नवी सीट, नवे बूट यांची परीक्षा इथे घ्यावी. सीटची उंची चुकलेली असेल तर पंचवीस किलोमीटरांत गुडघा सांगतो, आणि मुक्काम जवळ असताना सांगितलेलं बरं. एल्फिन्स्टन पॉइंटच्या फाट्याला उजेड चांगला असेल तर वळा. ऑर्थर सीटजवळ पायऱ्या लागतात. तिथे सायकल कुलपात, बाजूच्या टपरीवाल्याच्या नजरेसमोर. माकडांची नजर पिशवीवर असते, झिपची पिशवी सायकलवर अडकवून जाऊ नका.

सकाळी आठच्या आत हा रस्ता स्वर्ग आहे. शनिवार-रविवारी दहानंतर तिकडे फिरकू नका. त्याच माणसांचा लोंढा वेण्णा तलावापाशी अडकतो, आणि तलावाजवळच्या चौकात सायकलवाल्याला धूर खात उभं राहावं लागतं.

गावाभोवती लाल मातीचे जुने रस्ते आहेत, लॉडविक पॉइंट, बॉम्बे पॉइंट, बॅबिंग्टनच्या बाजूचे. पुढे जनरल झालेला पीटर लॉडविक १८२४ मध्ये इथे चढून आला, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम १८२८ मध्ये, आणि साहेबांच्या घोड्यांसाठी या वाटा झाल्या. आजही त्यांच्यावर पहिला हक्क घोड्यांचाच. मागून घंटी न वाजवता गेलात तर घोडं बुजतं आणि पाठीवर बहुधा एखादं लहान मूल असतं. वीस पावलं आधी आवाज द्या, घोडेवाला हात करेपर्यंत थांबा, मग डोंगराच्या बाजूने पुढे जा, दरीच्या बाजूने नाही.

या वाटांवर जांभ्याची ओळख होते. जांभा हातात घेऊन बघा. मधाच्या पोळ्यासारखा छिद्राछिद्रांचा, कडेला वस्तऱ्यासारखा. कोरडा असताना टायरला त्याची पकड उत्तम, खरकागदावर चालवल्यासारखी. दव पडलं किंवा शेवाळ धरलं की तोच दगड साबण होतो. कोरड्यात त्याचा त्रास वेगळा: हवा कमी असेल तर दगडाची कड टायर चेपून ट्यूबला रिमवर चिरडते आणि शेजारी शेजारी दोन छिद्रं पडतात, साप चावल्यासारखी. ट्यूब असेल आणि वजन पंचाहत्तरच्या आत असेल तर पुढे २८ ते ३०, मागे ३२ ते ३४ पीएसआय हवा ठेवा. ट्यूबलेस असेल तर पुढे २२ ते २४, मागे २५ ते २७ चालते, आणि इथे ट्यूबलेसच घ्यावं असा आमचा आग्रह आहे. २९ इंची सव्वादोनच्या टायरला १०० ते १२० मिलिलिटर सीलंट (छिद्र आतून बुजवणारं द्रव) लागतं. ते दर दोन-तीन महिन्यांनी सुकतं. वर्षभरापूर्वी भरलंय म्हणून निर्धास्त राहिलेल्यांच्या टायरमधून वाळलेली रबराची पापुद्री निघते. खाली वाई-मेढ्याच्या बाजूला बाभळीचे काटे आहेत, तिथे सीलंट पैसे वसूल करतं.

एक जिवाचा विषय. मोबाईलच्या नकाशावर जंगलातून जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात, कोणीतरी चालत गेलेल्याच्या खुणा. त्या सायकलच्या वाटा नाहीत. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि बरीचशी झाडी वनखात्याची. डांबर किंवा रुळलेली लाल वाट सोडून आत शिरायचं तर आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा. रानगवे आहेत, बिबटे आहेत. अंधार पडायच्या आत झाडीच्या रस्त्यावरून बाहेर असावं. खोऱ्यात रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

रडतोंडीच्या घाटाबद्दल सायकलवाले हमखास विचारतात. बॉम्बे पॉइंटच्या बाजूने पार गावाकडे उतरणारी ही वाट. १६५९ मध्ये अफझलखानाची फौज जावळीत उतरली ती इथून, आणि नावावरूनच वाटेचा स्वभाव कळतो. सायकलसाठी उत्तर सरळ आहे: नको. तीव्र उतार, सुटे धोंडे, गवताखाली लपलेले खाच-खळगे. सायकल खांद्यावर घेऊन उतरावी लागेल, आणि खांद्यावर पंधरा किलो असताना घसरलेला पाय आपल्याला सावरता येत नाही. पार गावचा कोयनेवरचा शिवकालीन पूल आणि रामवरदायिनीचं देऊळ बघायचंच असेल, तर रस्त्याने फिरून जा. सायकलवरून शिवकाळ गाठायचा हा जास्त चांगला मार्ग आहे.

तो रस्ता म्हणजे आंबेनळीचा घाट, साहेबांच्या काळचा फिट्झगेराल्ड घाट. प्रतापगड सुमारे २४ किलोमीटर. नजारा असा की दर वळणावर थांबावंसं वाटतं, पण थांबायला जागा नसते, मागे एसटी असते. डोंगरी सायकलीचा असा या रस्त्यावर काही विशेष उपयोग नाही, सगळं डांबर. मधल्या वारी, उजाडता उजाडता निघून नऊच्या आत गडाच्या पायथ्याशी, म्हणजे वाडा-कुंभरोशीला पोहोचत असाल तर जरूर जा. गडावर घाई करू नका, परतीचा चढ संध्याकाळच्या सावलीत घ्या, दिवे लावून. खाली थेट पोलादपूरपर्यंत जाण्याचा मोह आवरा. चाळीसेक किलोमीटर आणि बाराशे मीटरहून जास्त उतरण. वर सांगितलेला ब्रेकचा हिशेब जवळपास दुप्पट करा, आणि परत चढायला अख्खा दिवस ठेवा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत या घाटाची मोठी पडझड झाली होती. पावसाळ्यात तो सुरू आहे का, हे निघण्याच्या सकाळी विचारलेलं बरं, आदल्या आठवड्याचं उत्तर चालत नाही.

केळघरचा घाट, मेढ्याकडे जाणारा, सरावासाठी ठीक. वेण्णेचं खोरं उजव्या-डाव्या बाजूला उघडत जातं, मेढा तिसेक किलोमीटर. चढ सलग आहे, लय सापडते. त्यापलीकडे सांगण्यासारखं फारसं नाही.

पसरणीचा घाट मात्र उलट बाजूने वापरावा. वाईत मुक्काम करून वर या. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, साडेपाचशे मीटरच्या आसपास चढाई, साडेचार टक्क्यांच्या जवळपास एकसारखा चढ. पाय तपासायला महाराष्ट्रात इतका प्रामाणिक घाट कमी. एका तासाच्या आत आलात तर तापोळ्याची परत चढण तुम्हाला जमेल. दीड तासावर गेलात तर आधी इथेच दोन-चार वेळा या. वाहतूक जड आहे, बसेस वळणावर पूर्ण रस्ता व्यापतात. डावी कड धरून, पण कठड्याला चिकटून नाही: हातभर अंतर ठेवा म्हणजे खड्डा चुकवायला जागा राहते.

पाचगणीच्या टेबललँडवर सायकल नेऊ नका. घोडागाड्या, गर्दी आणि जांभ्याचं उघडं पठार, तिन्हीपैकी एकाचंही भलं होत नाही. त्यापेक्षा पाचगणी ते महाबळेश्वरच्या मधे भिलारला वळा. २०१७ पासून पुस्तकांचं गाव. मुख्य रस्त्याची गर्दी सुटते, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांमधून जाणारे छोटे रस्ते मिळतात, आणि एखाद्या घरात सायकल अंगणात लावून अर्धा तास वाचत बसता येतं. घामेजल्या हातांनी पुस्तक धरू नका, रुमाल जवळ ठेवा.

वाईला मुक्काम असेल तर कृष्णेच्या खोऱ्यातली वाट चुकवू नका. धोम धरणाच्या काठाने, कमळगडाच्या पायथ्याजवळून, बलकवडी धरण ओलांडून जोरपर्यंत. जोरला रस्ता संपतो आणि समोर महाबळेश्वरचा कडा भिंतीसारखा उभा राहतो. काल ज्या टोकावरून खाली बघितलं ते ऑर्थर सीट मान वर करून बघायचं. चढ सौम्य, वाहतूक विरळ, रस्त्याचे काही तुकडे उखडलेले, म्हणजे रुंद टायरला मानवणारे. आणि परतीला वाईपर्यंत बहुतांशी उतार. परतीवर तोलायचं म्हटल्यावर ही वाट तापोळ्याच्या खालोखाल लागते, कधी कधी वरही. नवख्याला घेऊन जाणार असाल तर आधी हीच.

सायकल भाड्याने घेणार असाल तर दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, दारातच बघून घ्या. मागून बघताना डिरेलरच्या दोन्ही छोट्या चकत्या कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या) रेषेत उभ्या दिसल्या पाहिजेत. आत झुकल्या असतील तर हँगर वाकलेला आहे आणि सगळ्यात हलक्या गियरला डिरेलर स्पोकमध्ये जाणार, नेमका घाटात. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, हँडलच्या मुळाशी खटखट लागली तर हेडसेट (तिथलं बेअरिंग) ढिला. सीटच्या दांड्यावर कमाल उंचीची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. टायरची बाजू बोटांनी चेपून बघा, बारीक चिरा असतील तर दुसरी सायकल मागा. सोबत एक ट्यूब, पंप, अॅलन कीचा संच, चेनची जोडकडी आणि त्याच सायकलचा जादा हँगर. हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, वर गावात आयत्या वेळी मिळेल या आशेवर राहू नका.

ऑक्टोबर मध्यापासून फेब्रुवारीअखेर हा खरा हंगाम. मार्चनंतर माथ्यावर हवा बरी असते पण खोरी भट्टी होतात, म्हणून तापोळा तेव्हा नको. जून ते सप्टेंबर महाबळेश्वरात साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि धुकं असं उतरतं की पुढच्या चाकापलीकडचं दिसत नाही. तरीही जाणारे जातात. त्यांनी मागे दोन लाल दिवे लावावेत, एक लुकलुकता, एक स्थिर. पुढचा दिवा खाली झुकवलेला, कारण सरळ झोत धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो. लाल चिखलात जांभ्याची बारीक वाळू असते. ती पॅड आणि डिस्कमध्ये लापशीसारखी बसते आणि रेझिन पॅड शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत धातूपर्यंत झिजवू शकते. पावसात एक जोडी जादा ठेवा, चेनला ओल्या हवेचं जाड तेल लावा.

खोलीवर आलात की माती वाळायच्या आत सायकल धुवा. बादली, मग आणि जुना रंगाचा ब्रश पुरे. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली धरू नका, चाकांच्या हबमधलं आणि क्रँकखालचं ग्रीस निघून जातं आणि पंधरा दिवसांत बेअरिंग करकरायला लागतं. चेन फडक्याने कोरडी करा, प्रत्येक कडीच्या नळीवर आतल्या बाजूने तेलाचा एक थेंब, दहा मिनिटं थांबून वरचं तेल पुसून टाका. तेलाचं फडकं आणि डिस्कचं फडकं वेगळं असू द्या.